टाकायचा कुठला?

‘फॉन्टचं काम चालू आहे. पत्रिका संध्याकाळी ६ नंतर.’ परभणीत स्टेशन रोडलगतच्या एका गल्लीत, डीटीपीच्या दुकानाच्या काचेवर हा कागद दिसला आणि मी थांबलो. नळाचं काम, मीटरचं काम, गटाराचं काम आपल्या ओळखीचं असतं. पण फॉन्टचं काम निघतं आणि त्यापायी ऐन लग्नसराईत गिऱ्हाईक परत पाठवावं लागतं, हे मला नवीन होतं. विचारलं, ‘बसू का थोडा वेळ?’ मालक म्हणाले, ‘बसा की. आमचं बी बसलंयच.’

आत तिघं. मालक साठीचे, त्यांना सगळे काका म्हणतात. कीबोर्डवर ताई. आणि दुसऱ्या खुर्चीवर ‘सर’. सर म्हणजे पंचविशीचा मुलगा. संध्याकाळी कॉम्प्युटर क्लासवर शिकवतो, म्हणून अख्ख्या गल्लीचा सर. काकाही त्याला सरच म्हणतात. मागच्या खोलीत स्क्रीन प्रिंटिंग चालतं, तिथल्या थिनरचा वास डोक्यात चढतो. मध्येच लेझर प्रिंटरमधून गरम बटर पेपर बाहेर येतो, त्याचा करपट वास त्यात मिसळतो. तासाभरानं मला त्या वासाची सवय झाली. ताईंना बारा वर्षांत झाली नाही म्हणे. दुपारनंतर डोकं धरतंच.

दुखणं असं होतं. मशीन चालू केलं की पडदा यायलाच चहा होऊन जायचा. पत्रिका मांडायचा प्रोग्रॅम कोरल, तो उघडताना आणखी एक. आणि कोरलमध्ये फॉन्टच्या यादीवर क्लिक केलं की खिडकी पांढुरकी व्हायची आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. काकांनी रॅम वाढवली होती. अँटिव्हायरस बदलला होता. विंडोजसुद्धा नवीन मारून झाली होती. नवी विंडोज मारल्यावर दोन तास मशीन हरणासारखं पळालं. मग काकांनी डी ड्राइव्हवरचं ‘फॉन्ट’ नावाचं फोल्डर उघडलं, सगळं सिलेक्ट केलं, इन्स्टॉल केलं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

‘किती फॉन्ट हैत काका?’ सरांनी विचारलं.

‘असतील की तीन हजार.’

सर हसले नाहीत. तीन हजार म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. विंडोज सुरू होताना बसवलेल्या प्रत्येक फॉन्टची नोंद वाचते. मग पेजमेकर, कोरल, वर्ड, जो प्रोग्रॅम उघडाल तो पुन्हा आपली यादी बांधतो. कोरल तर प्रत्येक नाव त्याच्याच अक्षरात दाखवायला जातं. विंडोज ९५ च्या काळात हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सुटलेला होता. हजाराच्या आसपास फॉन्ट झाले की नोंदवहीची जागाच संपायची. पुढे ती मर्यादा उठली आणि लोकांच्या हातात फक्त सबुरी उरली.

मशीन दुरुस्त होईपर्यंत थांबता येत नाही असं एक काम मध्येच आलं. गंगाखेडकडच्या एका घरातली गोडजेवणाची पत्रिका, दोन तासांत पाहिजे. लग्नाचं गिऱ्हाईक उद्या या म्हटलं तर येतं, दुःखाचं येत नाही. सर खुर्चीवरून उठले आणि ताई बसल्या. त्या पडद्याकडे बघतच नाहीत. हस्तलिखिताचा चुरगळलेला कागद डाव्या कोपराखाली, बोटं टाइपरायटरच्या जुन्या वळणानं चालतात. पण मशीन इतकं मागे पडलेलं की त्यांची ओळ टाइप होऊन संपली तरी पडद्यावर फक्त कर्सर लुकलुकत होता. ताईंनी हात थांबवले, गेलेल्या माणसाचं नाव कागदावर पुन्हा वाचून घेतलं, आणि मग एकेक अक्षर उमटत गेलं. त्यांना ते पाहायची गरज नव्हती. चूक झाली असती तर बोटांना आधीच कळलं असतं. त्या दिवसातलं माझ्या डोक्यात वारंवार येतं ते हेच. हे मशीन चालत होतं ते ताई चालवत होत्या म्हणून.

पत्रिका गेली. सर पुन्हा बसले.

पहिलं काम फॉन्ट कॅशचं. विंडोज फॉन्टची माहिती एका साठवणीच्या फाईलीत ठेवते. ती बिघडली की फॉन्ट कॅश सर्व्हिस तीच ती माहिती पुन्हा पुन्हा चाळत प्रोसेसर खात बसते. टास्क मॅनेजरमध्ये ते दिसतच होतं. सरांनी सर्व्हिस थांबवली, साठवणीच्या फाईली पुसल्या, मशीन बंद-चालू केलं. थोडा फरक पडला. ‘थोडा’ हा शब्द काकांनी अशा सुरात म्हटला की सर गप्प झाले.

मग चोर शोधणं. बिघडलेला एक फॉन्टही सगळ्या मशीनला धरून बसू शकतो, कारण विंडोज १० येईपर्यंत फॉन्ट रेखाटण्याचं काम विंडोजच्या अगदी गाभ्यात चालायचं. तिथे गडबड झाली की निळा पडदा. याचा फायदा घेणारेही निघाले. २०११ मध्ये सापडलेला ‘डुकू’ हा हेरगिरीचा प्रोग्रॅम वर्डच्या फाईलीत दडवलेल्या एका फॉन्टमधून आत शिरत होता. स्टेशन रोडवर हेर यायचं कारण नाही, पण अर्धवट कॉपी झालेली फाईल पुरते.

सरांची पद्धत सोपी. अर्धे फॉन्ट बाहेर काढायचे, कोरल उघडून यादी खाली सरकवायची. अडलं तर चोर आतल्या अर्ध्यात, नाही अडलं तर बाहेरच्या. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. ‘तीन हजारांत एक सापडवायला जास्तीत जास्त १२ वेळा,’ सर म्हणाले. काकांना हे पटेना. तीन हजारांतून एक, आणि १२ वेळांत? सरांनी पाटीवर हिशेब मांडावा तसा पत्रिकेच्या पाठीवर मांडला: दीड हजार, साडेसातशे, पावणेचारशे. काकांनी मान डोलावली, पण विश्वास बसला तो चोर सापडल्यावरच. ब्रशनं लिहिल्यासारखा दिसणारा एक सुलेखनी फॉन्ट, कुठल्याशा निवडणुकीत बॅनरसाठी कार्यकर्त्यानं पेनड्राइव्हवर आणलेला. कॉपी पूर्ण होण्याआधी पेनड्राइव्ह उपसलेला असणार. फाईल तुटलेली. यादी तिथपर्यंत आली की कोरल गार.

तो काढला. कोरल अडायचं थांबलं. पण सुरू व्हायला वेळ तेवढाच, कारण उरलेले तीन हजार जागेवर होते. (काका एक काढल्यावरही तीन हजारच म्हणत राहिले.)

इथून खरं काम सुरू झालं, आणि ते कॉम्प्युटरचं नव्हतं.

सरांचं म्हणणं, दीड-दोनशे ठेवा, बाकी उडवा. पुस्तकात आणि क्लासात हेच शिकवतात. काकांचं म्हणणं, टाकायचा कुठला ते तुम्ही सांगा. सरांनी पहिला दाखवला, काकांनी त्याचं गिऱ्हाईक सांगितलं. दुसरा दाखवला, त्याचंही. हा जिंतूरच्या शाळेच्या प्रगतिपत्रकाचा. हा मानवतच्या आडतीच्या पावतीबुकाचा. हा दवाखान्याच्या फाईलीचा, डॉक्टर बदलले पण फाईल तीच. सेलूच्या एका घरातल्या थोरल्याची पत्रिका ज्या अक्षरात झाली, त्याच अक्षरात आता धाकट्याची पाहिजे, अगदी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ या पोरासोरांच्या ओळीसकट. मला आधी हा जुन्या माणसाचा साठवणुकीचा सोस वाटत होता. यादी ऐकत गेलो तसं लक्षात आलं की काकांकडे दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता.

जुन्या मराठी फॉन्टमध्ये जागा मिळायची ती इंग्रजीसाठी आखलेल्या २५६ खान्यांत. त्यातलेही काही खाने वापरता येत नाहीत. त्यात क पासून ज्ञ पर्यंतची अक्षरं, त्यांची अर्धी रूपं, काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं कोंबायची. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं श्रीलिपीत ती एका रीतीनं बसवली, सी-डॅकनं आयएसएममध्ये दुसऱ्या, आकृतीनं तिसऱ्या, कृतिदेव, शिवाजी, किरण यांची आणखी वेगळी. क एकाकडे ज्या खान्यात, तिथे दुसऱ्याकडे भलतंच काही. त्यामुळे फाईल असली आणि फॉन्ट नसला की वधूपित्याच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डोक्यावर टिंबं असलेली चिन्हं नाचतात. फॉन्ट गेला तर मजकूर गेला. इंग्रजीत काम करणाऱ्याचा फॉन्ट हरवला तर अक्षराचं वळण बदलतं, वाचता तरी येतं. आपल्याकडे किल्लीच हरवते. ‘नको ते फॉन्ट काढून टाका’ हा सल्ला त्या लोकांनी त्या लोकांसाठी लिहिलेला आहे.

यावर कुणी म्हणेल, युनिकोड वापरा. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ तर आपल्याच र. कृ. जोशींनी आखलेला. सरकारी कार्यालयांना युनिकोडचे आदेशही निघून वर्षं झाली. मी ते काकांना म्हणून पाहिलं. त्यांनी ताईंना खूण केली. ताईंनी कोरल एक्स-३ मध्ये युनिकोडातून ‘निमंत्रित’ टाइप केलं. वेलांटी भलत्याच बाजूला, त्र फुटलेला. हे कोरल २००६ चं आहे. देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवण्याची सोय कोरलमध्ये २०१२ च्या एक्स-६ पासून आली. नवं कोरल घ्यायचं तर नवं मशीन, आणि नव्या मशीनवर वीस वर्षांच्या फाईली पुन्हा टाइप करणार कोण? ताईंनी वर पाहिलंसुद्धा नाही.

फ्लेक्सवाले ‘फाईल कर्व्ह करून पाठवा’ म्हणतात, ती एक पळवाट आहे. कर्व्ह केलं की अक्षराचं चित्र होतं, फॉन्ट लागत नाही. पण मग तारीख बदलायची तर अख्खी ओळ नव्यानं. लग्नाच्या तारखा बदलतात, आणि तेराव्याच्या पत्रिकेत आप्तांची नावं शेवटच्या क्षणी वाढतात.

काका मुळात कंपोझिटर. ट्रेडल मशीनवर, खिळे जुळवण्यात उमेदीची वर्षं गेलेली. म्हणाले, ‘खिळे होते ते भंगारात किलोनं तरी गेले. हे कुठं विकायचे?’ मध्ये एकदा, एक्सपीच्या काळात, त्यांनी स्वतःच साफसफाई केली होती. नाव ओळखीचं नाही तो फॉन्ट उडवायचा, या नियमानं ‘मार्लेट’ही उडवला. मार्लेट कुणी पत्रिकेत वापरत नाही. विंडोजच्या जुन्या साध्या रूपात खिडकीच्या कोपऱ्यातली फुली आणि चौकोन त्या फॉन्टमधून यायचे. दुसऱ्या दिवशी फुलीच्या जागी इंग्रजी आर आणि बाजूला शून्य, एक. ‘खिडकी बंद करायची तर आर दाबा, असं सहा महिने चाललं,’ ताई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच हसल्या. तेव्हापासून काका काहीच टाकत नाहीत.

सरांनी शेवटी टाकण्याचा हट्ट सोडला. आधी जुळे शोधले. तोच फॉन्ट पुन्हा बसवला की विंडोज नावाला शून्य जोडून दुसरी फाईल ठेवते. अशा शेकड्यानं निघाल्या. त्या भरात ते ‘नूरी’ नावाच्या एका रांगेवर आले, नाव तेच आणि शेवटी फक्त आकडा वेगळा. काका खुर्चीतून उठले. ‘त्याला हात लावू नका! ते उर्दूचं हाय.’ इनपेज या उर्दू प्रोग्रॅमचं नूरी नस्तालिक. नस्तालिकमध्ये अक्षरं एकमेकांत अशी उतरतात की हजारो जोडखंड वेगवेगळे कोरावे लागले आणि ते डझनावारी फाईलींत विभागले गेले. एक फाईल गेली तर निकाहच्या पत्रिकेतले काही शब्दच गायब. परभणीत अर्धी लग्नसराई त्याच रांगेवर चालते, असं काका म्हणतात.

मग मधला मार्ग. सिस्टिमचे फॉन्ट आणि रोजच्या वापरातले दोनशे बसवलेले राहतील. बाकी सगळे डी ड्राइव्हवर, गिऱ्हाइकाच्या नावाच्या फोल्डरात. लागेल तेव्हा कोरलसोबत आलेल्या फॉन्ट नेव्हिगेटरमधून चढवायचे, काम झालं की उतरवायचे. घाई असेल तर आणखी एक युक्ती सरांनी दाखवली: फॉन्टच्या फाईलीवर डबल क्लिक करून नमुन्याची खिडकी नुसती खाली मिनिमाइज करून ठेवायची, ती उघडी आहे तोवर कोरलला तो फॉन्ट मिळतो. ताईंना ती युक्ती आधीपासून माहीत होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

साडेपाचला मशीन बंद करून चालू केलं. पडदा लगेच आला. कोरलची यादी धडाधड खाली गेली. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी,’ सर म्हणाले. ही म्हण इथे सगळ्यावर चालते. ताईंनी काचेवरचा कागद काढला आणि मागच्या बाजूला दुसऱ्या पत्रिकेचं मॅटर लिहायला घेतला.

पैशाची गोष्ट निघाली. सरांनी ५०० सांगितले. काकांनी पाकीट काढलं, तेवढ्यात सरांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. क्लासच्या मुलांना लागतात, ते डी ड्राइव्हवरचं सगळं फोल्डर जरा कॉपी करून घेऊ का?

‘सगळं?’ काका म्हणाले. ‘दीडशे पुरतात म्हणाला होता की.’

बरीच घासाघीस होऊन ३०० रुपये आणि तीन हजार फॉन्ट यावर सौदा पटला.