कंटेनर घेताना – ६ : पायाखालची फळी

आज भावाची घासाघीस आणि ट्रेलरवरून माल उतरवून घेणं, यावर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. निफाड तालुक्यातून एका शेतकरी ताईंचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न विसार देण्याआधीच सुटायला हवा. उरणकडच्या एका यार्डात त्यांनी वीस फुटी कंटेनर पसंत केलाय. दारांची रबरं, आतून उजेड शोधायची चाचणी, सगळं नीट पाहिलंय. आता विचारतात, "घरच्या गव्हाची पोती आणि पेरणीचं बियाणं आतल्या फळ्यांवर थेट रचलं तर चालेल का? कंटेनरला विषारी धूर देतात म्हणे."

आधी धुराचं सांगतो. मालाबरोबर किडे परदेशी जाऊ नयेत म्हणून भरलेल्या कंटेनरात मिथाइल ब्रोमाइडसारखा वायू सोडतात. तो जीवघेणा असतो, पण दारं उघडून भरपूर वारा खेळला की निघून जातो. यार्डात महिनोन्महिने रिकाम्या पडलेल्या कंटेनरात तो राहत नाही. ताईंनी काळजी करायची ती फळीची.

कोरड्या मालाच्या बहुतेक कंटेनरांत २८ मिलिमीटर जाडीचं प्लायवुड असतं. वर्षानुवर्षं ते केरुइंगसारख्या आग्नेय आशियातल्या कठीण लाकडाचं करत आले. अलीकडे बांबूचंही येतं. एवढी जाडी लागते, कारण माल भरायला फोर्कलिफ्ट थेट आत शिरते. नव्या बनावटीच्या जमिनीची चाचणी घेताना तिच्यावरून एका आसावर ७,२६० किलो भार असलेली गाडी फिरवतात. मजबुतीबद्दल म्हणूनच माझी तक्रार नाही. पण लाकूड आलं की वाळवी आणि भुंगेरे आलेच. परकी कीड आपल्या जंगलांत शिरू नये म्हणून ऑस्ट्रेलियाने कंटेनरच्या उघड्या लाकडावर कायमस्वरूपी कीडरोधक प्रक्रियेचा आग्रह धरला. कारखान्यातून निघालेला डबा पुढे कधी सिडनीच्या धक्क्यावर उतरेल, हे बनवणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? म्हणून सरसकट सगळ्याच डब्यांच्या फळीत कीटकनाशक घालायची रीत पडली. ते लाकडात मुरवलेलं असतं, त्यामुळे घासूनपुसून जात नाही. जुन्या काळी डिल्ड्रिन, लिंडेनसारखी चिवट रसायनं वापरत. पुढे फॉक्सिमसारखी आली.

याची नोंद दारावरच असते. सीएससीची, म्हणजे कंटेनरच्या सुरक्षिततेची, धातूची पाटी आपण मागे वाचायला शिकलो, तिथेच जवळ लाकडावरच्या प्रक्रियेची ओळ शोधा. तीत 'आयएम' ही दोन रोमन अक्षरं, मग औषधाचं नाव आणि तारीख किंवा साल असतं. बॅसिलियम, रॅडॅलियम ही नावं वारंवार दिसतील. फोनवर त्या ओळीचा फोटो काढून ठेवा. एकच फेरी झालेला, नवाकोरा डबा घेतला म्हणजे यातून सुटलो, असं समजू नका. त्यातलं औषध उलट ताजं असतं.

दुसरा इतिहास असतो तो फळीवर सांडलेल्या मालाचा. त्याची नोंद कुठल्याही पाटीवर नसते. दुपारच्या उन्हात डबा अर्धा तास बंद ठेवायला सांगा, मग दार उघडून दारातच उभं राहून वास घ्या. उग्र वास आला तर आत न शिरता पुढचा डबा पाहा. डागांवर पांढरं फडकं दाबून घासा. फडक्यावर काही उतरलं नाही तर तो डाग दिसायलाच वाईट. तेलकट ओल उतरली तर तो डबा माणसांच्या किंवा धान्याच्या कामाचा नाही. फळी हातोडीने ठोकत चला. पोकळ आवाज येईल तिथे थर सुटलेत. तळाचे आडवे बीम बाजूच्या पट्टीला जिथे जोडले आहेत, तिथला गंजही पाहायचा, पण यंत्राने डबा उचललेला असताना खाली जाऊ नका. तो ठोकळ्यांवर ठेवायला लावा.

फळी ठेवायची असेल तर ती स्वच्छ, कोरडी करून वर दोन घटकांच्या इपॉक्सीचा अखंड थर द्या आणि त्यावर दुसरी जमीन करा. रंधा किंवा सँडर चालवून त्या लाकडाची धूळ उडवू नका. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावून सांगतो: काढलेल्या फळ्यांचे तुकडे कामगारांना चुलीसाठी नेऊ देऊ नका. कठीण, वाळलेलं लाकूड फुकट मिळतंय म्हटल्यावर ते नेणारच. त्यातला धूर स्वयंपाकघरात जातो. ढलप्यासुद्धा गोळा करून वेगळ्या ठेवायला हव्यात.

तेव्हा ताई, गव्हाची पोती त्या फळीवर थेट नको. खायच्या धान्यासाठी मी फळी काढूनच टाकीन आणि जमीन नव्याने बसवीन. बियाण्याची अडचण वेगळी आहे. एप्रिल-मे महिन्यात बंद पोलादी डबा आतून इतका तापतो की बियाण्याची उगवणशक्तीच मार खाते. छतावर सावली आणि भिंतींत हवेची वाट केल्याशिवाय ते तिथे ठेवू नका. कांद्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्या. त्याला खेळती हवा लागते, त्यासाठी आपली चाळच बरी.

फळी काढायचंच ठरलं, तर चांगल्या फळीचे पैसे मोजू नका. यार्डवाल्याला सांगा, सांगाडा, छत आणि दारं धड असलेला, पण फळी खराब झालेला डबा दाखव. असे डबे यार्डाच्या मागच्या रांगेत असतात, कारण पुन्हा जहाजावर चढवायचे तर मालकाला फळीवर खर्च करावा लागतो. किंमत किती खाली आणता येते, ते पुढच्या आठवड्यात.