ऑफिसच्या पार्किंगमध्ये ईव्ही चार्जर: पैसा नेमका कुठे सुटतो?



"सर, कंपन्यांच्या पार्किंगमध्ये चार्जर लावायचा धंदा कसा आहे?" हा प्रश्न सध्या फार येतो. धंदा चांगला आहे. पण बरेच जण ज्या पद्धतीने त्याचं गणित मांडतात, त्यात भांडवल अडकून बसेल. म्हणून आज आकडे घेऊनच बोलूया.

आधी एक शंका मिटवू. वीज विकायला लायसन्स लागेल ना? नाही लागत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही. चार्जरवरचा जीएसटीही १ ऑगस्ट २०१९ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला.

आता गणित. समजा ७.४ किलोवॅटचा एक चार्जर केबल आणि फिटिंग धरून तुम्हाला ६० हजारांना पडला आणि युनिटमागे ५ रुपये सुटतात. रोज ४० किलोमीटर ये-जा करणाऱ्या कारला सहा युनिटच्या आसपास लागतात. महिन्याचे कामाचे दिवस २२. म्हणजे १३२ युनिट, म्हणजे ६६० रुपये. ६० हजार परत यायला साडेसात वर्षं! व्याज, दुरुस्ती, नेटचा खर्च अजून धरलेलाच नाही. स्कूटर तर दिवसाला जेमतेम एक-दीड युनिट घेते, तिथे विचारूच नका.

मग काय करायचं? चार्जरमध्ये पैसा कंपनीचा घाला, तुमचा नाही. तुम्ही सर्व्हे, फिटिंग आणि वार्षिक देखभाल विका. कंपनीला फायदा कोणता, हे मात्र तुम्हाला पटवून देता आलं पाहिजे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कितीतरी कर्मचाऱ्यांच्या पार्किंगला प्लगच नसतो. त्यांना ऑफिसमध्ये चार्जिंग मिळालं तरच ते ईव्ही घेतील.

दुसरा मुद्दा विजेच्या वेळेचा. २०२३ मध्ये केंद्राने वीज ग्राहक नियम बदलले. दिवसातल्या आठ सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा, असं त्यात आहे. ऑफिसमधल्या गाड्या नेमक्या उन्हाच्या वेळेतच उभ्या असतात! प्रत्यक्ष सवलत किती आणि कधी, ते कंपनीच्या बिलावर टीओडीच्या रकान्यात बघा. छतावर सोलर असेल तर आणखी छान.

कंपनी म्हणेल, "फास्ट चार्जर लावू." नको म्हणा. गाडी आठ तास जागची हलत नाही, मग घाई कुणाला? ३.३ किलोवॅटचा साधा चार्जर आठ तासांत २६ युनिट देतो. पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरीच ३०.२ युनिटची होती. शिवाय लोडचा प्रश्न आहे. ७.४ चे दहा चार्जर एकदम चालले तर ७४ किलोवॅट, ३.३ चे दहा चालले तर ३३. मंजूर लोडच्या वर गेलं की दंड बसतो आणि तो कंपनी तुमच्या नावाने लक्षात ठेवते.

कोटेशन देण्याआधी साइटवर जाऊन मेन पॅनलपासून पार्किंगपर्यंतचं अंतर स्वतः मोजा. चार्जरची किंमत फोनवर कळते, केबलची नाही. बेसमेंट दोन मजले खाली असेल तर केबल आणि ट्रेचा खर्च चार्जरच्या वर जाऊ शकतो. अर्थिंग तपासा, प्रत्येक पॉइंटला वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी धरा, काम लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या.

जागा भाड्याची असेल तर इमारतमालकाची लेखी परवानगी घ्या. कंपनीने ऑफिस हलवलं तर चार्जर कोण काढणार, केबल कुणाची, हे करारात पहिल्याच दिवशी लिहा. देखभालीचे पैसे वर्षाच्या सुरुवातीला घ्या, शेवटी नाही.