‘पावनखिंड’ : पालखीतला वीर

ऐतिहासिक चित्रपटास जाणारा मराठी मनुष्य कथा जाणून घेण्यासाठी जात नाही. ती त्याने आजीच्या मांडीवरच ऐकलेली असते. जे कानांनी ऐकले ते एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच त्याची ओढ. दिग्पाल लांजेकर यांचा ‘पावनखिंड’ हा चित्रपट १८ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा आम्हीही बेळगावात तो याच ओढीने पाहिला.

प्रसंग सर्वांस ठाऊक आहेच. सन १६६० च्या मार्चात सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला. राजापूरच्या वखारीतले इंग्रजही तोफा घेऊन त्याच्या साह्यास आले. चार महिने लोटले, पावसाळा सुरू झाला, तरी वेढा सैल पडेना. अखेर जुलैतील एका रात्री शिवाजी महाराज निवडक मावळ्यांसह गड उतरून विशाळगडाच्या वाटेस लागले. पाठलागावर आलेल्या सैन्यास बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंडीत थोपवून धरले व तेथेच देह ठेवला. त्यांचे बंधू फुलाजीही त्याच रणात पडले.

चित्रपटात चिन्मय मांडलेकर महाराज झाले आहेत, तर अजय पूरकर बाजीप्रभू. पूरकरांचा धिप्पाड देह नि भारदस्त आवाज त्या भूमिकेस शोभून दिसतो. खिंडीतील झुंज सुरू होताच प्रेक्षागृहात टाळ्या व शिट्ट्यांचा एकच कल्लोळ उडाला. पार्श्वसंगीताचा गोंगाट थोडा आवरला असता, तर तलवारींचा खणखणाट अधिक मनास भिडला असता, असे मात्र आम्हांस वाटले.

परंतु आमच्या मनात घर करून राहिला तो निराळाच पुरुष. त्याचे नाव शिवा काशीद. व्यवसायाने तो न्हावी, चेहरेपट्टी महाराजांसारखी. महाराजांचा वेष करून तो दुसऱ्या पालखीत बसला, शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. बाजीप्रभूंच्या हाती निदान शस्त्र होते, शेजारी सोबती होते. शिवाने लढावयाचे नव्हते. पकडले जाणे हेच त्याचे काम. त्याने आपले आयुष्य देऊन महाराजांसाठी थोडा वेळ विकत घेतला. तो पालखीत बसला तेव्हा कोणी शिट्टी वाजविली नाही. सारे प्रेक्षागृह स्तब्ध झाले. त्या स्तब्धतेचे मोल आम्ही टाळ्यांहून अधिक मानतो.

खेळ सुटल्यावर बाहेर मुले हातांच्या तलवारी करून लढू लागली. जो तो बाजीप्रभू! शिवा काशीद होण्यास एकही तयार नव्हता. यात मुलांचा दोष नाही. तलवार दिसते, त्याग दिसत नाही. तो दाखवून देणे वडीलधाऱ्यांचे काम आहे. धाकट्याचे शिक्षण व्हावे म्हणून स्वतःची शाळा सोडून औत धरणारा थोरला भाऊ, शेजारच्या आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागविणारी बाई, अशी माणसे प्रत्येक गावात असतात. त्यांच्यासाठी टाळी वाजत नाही. पण घरे आणि गावे उभी राहतात ती त्यांच्याच बळावर.

वाचकहो, मुलांना घेऊन पन्हाळ्यास जाल तेव्हा बाजीप्रभूंच्या पुतळ्यास वंदन कराच. परंतु शिवा काशीदाचे स्मारकही तेथे आहे. त्यापुढे क्षणभर अधिक थांबा, आणि तो पालखीत का बसला हे मुलांना आपल्या तोंडून सांगा.