केळीच्या बागा, द्राक्षांचे मळे आणि अणूची धास्ती

सावद्याच्या केळ्यात किरणोत्सर्ग असतो, असे सांगितले तर आपण दचकाल! पण ते खरे आहे. केळ्यात पोटॅशियम असते आणि पोटॅशियमचा अगदी अल्प अंश निसर्गतःच किरणोत्सर्गी असतो. त्याने कुणाचे काही बिघडत नाही. घरोघरी मुले केळी आवडीने खातात. मग अणुवीज म्हटले की माणूस का बिथरतो? केळे तो आपखुशीने खातो; अणुभट्टी मात्र दुसराच कोणी त्याच्या दारी आणून बसवितो.

या धास्तीने जर्मनीचे राजकारण कसे पालटले, ते पाहण्यासारखे आहे. ऱ्हाईनकाठच्या वील गावी अणुवीज केंद्र काढावयाचे ठरले. तेथला शेतकरी आपल्या केळीवाल्यासारखाच एका पिकावर जीव टाकणारा. केंद्राच्या वाफेने धुके दाटेल आणि द्राक्षे बिघडतील, हे त्याला भय. १९७५ च्या फेब्रुवारीत लोकांनी त्या जागेवरच ठाण मांडले. ते केंद्र कधीच उभे राहिले नाही. १९८० साली त्याच प्रांतातल्या कार्ल्सरुहे शहरी ‘हरित’ पक्ष जन्मला. १९८६ साली चेर्नोबिलची भट्टी फुटली आणि तिची धूळ वाऱ्याबरोबर जर्मनीत आली; मुलांना दूध द्यावे की नाही, या चिंतेने आया हवालदिल झाल्या.

पुढे ११ मार्च २०११ रोजी जपानात फुकुशिमाचा अपघात घडला. अवघ्या सोळा दिवसांनी वीलच्याच प्रांतात निवडणूक झाली. अठ्ठावन्न वर्षे राज्य करणाऱ्या पक्षाची सत्ता गेली आणि हरित पक्षाचे क्रेचमान मुख्यमंत्री झाले. अणुकेंद्रांची मुदत आदल्याच वर्षी वाढविणाऱ्या मर्केलबाईंनी धोरण फिरविले. १५ एप्रिल २०२३ रोजी तेथील शेवटच्या तीन भट्ट्या विझल्या.

आपल्या कोकणातही तेव्हा हीच धास्ती होती. जैतापूरला ९,९०० मेगावॉटचे केंद्र योजले होते. बागाईतदाराला आंब्याची काळजी, कोळ्याला मासळीची. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एकाचा बळी गेला. शिवसेनेने प्रकल्पाविरुद्ध दंड थोपटले.

वीज तर सर्वांनाच हवी. सावद्याच्या केळीला पाणी पाजणारे पंप विजेवरच चालतात, आणि भुसावळजवळच्या दीपनगरात विजेसाठी कोळसा जळतो, त्याची राख खानदेशला ठाऊक आहे. अणूला धूर नाही, हेही खरेच. परंतु आकडे दाखवून भीती जात नाही, विश्वासाने जाते. तो विश्वास अपघातानंतर मागून मिळत नाही. पहिली कुदळ पडण्यापूर्वीच गावकऱ्यांच्या ओट्यावर बसून तो मिळवावा लागतो!