मोठें इंजिन हातानें सुरू करतांना



भारनियमनाच्या काळीं औरंगपुऱ्याच्या बाजारांत दुकानांपुढें लहान जनरेटर मांडलेले असत. दोरीची मूठ धरून दोन-तीन हिसके दिले कीं यंत्र फटफटूं लागे. इंजिन मोठें असलें म्हणजे मात्र धट्टाकट्टा गडीहि घामाघूम होतो, आणि प्रसंगीं मनगट मोडून घेतो. असें कां व्हावें?

इंजिनाच्या नळकांड्यांत दट्ट्या खालीं-वर होतो. मिश्रण आंत ओढणें, तें दाबणें, त्याचा भडका होणें आणि धूर बाहेर टाकणें, अशा चार धांवांत त्याचें काम पुरें होतें. त्यांपैकीं शक्ति देणारी धांव एकच. उरलेल्या तीन धांवा जड चक्रांत सांठलेल्या वेगावर निभावतात. थांबलेल्या यंत्राजवळ ही शिल्लक नसते, म्हणून पहिले फेरे बाहेरून द्यावे लागतात. हात अडतो तो दाबाच्या धांवेंत. पेट्रोलच्या इंजिनांत मिश्रण सुमारें एक दशांश जागेंत कोंडलें जातें. डीझेलमध्यें दाब याहूनहि अधिक; कारण तेथें ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तेल पेटतें.

यावरील युक्ति विहिरीवरच्या डीझेल इंजिनांत पाहावयास मिळते. १९४६ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचीं अशीं यंत्रें महाराष्ट्रांत खेडोपाडीं पोंचलीं. हँडलच्या इंजिनावर एक लहान खटका असतो. तो उचलला कीं झडप किंचित् उघडी राहते व हवा दाबली न जातां निसटते. शेतकरी हँडल फिरवून चक्राला वेग देतो आणि खटका पाडतो. मग चक्राचा वेगच दट्ट्याला दाबाच्या पलीकडे नेतो. रानावनांतून धांवणाऱ्या मोठ्या चारचाकी वाहनांपैकीं कांहींत बॅटरी उतरल्यास उपयोगीं पडावी म्हणून दोरी असते. अशा पुष्कळ इंजिनांत हा खटका आपोआप चालतो. वेग वाढला कीं झडप आपण होऊन मिटते.

अशी सोय नसेल तर गाडी गिअरमधून काढून, किल्ली बंद ठेवून, दोरी सावकाश ओढावी. हाताला अडथळा लागला कीं तेवढा एक दाब हळूच पार करावा आणि दोरी परत आंत जाऊं द्यावी. मग किल्ली लावून, पाय रोवून, एका लांब दमांत ओढावी. पुढचा दाब येईपर्यंत चक्राला जवळजवळ दोन फेऱ्यांची मोकळी वाट मिळते, व तेवढ्यांत वेग सांठतो.

धोका उलट फटक्याचा. दट्ट्या माथ्यावर पोंचण्यापूर्वींच भडका झाला तर यंत्र उलटें फिरतें. म्हणून दोरी हाताला कधींहि गुंडाळूं नये, आणि हँडल धरतांना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत चार्लस केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला, तेव्हांपासून मोटारवाल्यांचे हात या फटक्यांतून सुटूं लागले. शेतावर व रानांत मात्र हाताचें काम उरलें आहेच. घरांतील तरुणांना दाबाची जागा यंत्र बंद असतांनाच एकदां हातानें ओळखावयास शिकवावी.