खाज एकाची, औषध साऱ्या घराचे

पेण-रोह्याकडे पाऊस लागला की घरे लहान होतात. कपडे वाळत नाहीत, एका गोधडीत तीन-तीन पोरे झोपतात. रात्री दिवा मालवला की कुणीतरी बोटांच्या बेचक्यात खाजवू लागते. घरातले म्हणतात, चिखल्या झाल्या असतील. चिखल्या पाऊस संपला की जातात, ही खाज जात नाही. ही खरूज.

खरूज होते ती कातडीत बीळ करून राहणाऱ्या, गोचिडीच्या कुळातल्या किड्यामुळे. मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. तिला डोळे नाहीत, पंख नाहीत, उडी मारता येत नाही. मग ती वाट कशी शोधते? आजकाल घरची फरशी झाडणारे यंत्रमानव निघाले आहेत. त्यांना वाट काढायला संवेदक लागतात, खोलीचा नकाशा लागतो. या किड्याचे दोनच गोष्टींवर भागते. अमेरिकेतील संशोधक अर्लियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवून दिले की अंगावरून खाली पडलेला किडा अंगाच्या वासाकडे आणि उबेकडे चालत जातो.

पण त्याची चाल ती केवढी! मिनिटाला जेमतेम अडीच सेंटिमीटर. आजार हत्तीच्या पावलाने येतो म्हणतात. खरूज मुंगीच्याही पावलाने येत नाही. म्हणून तिला अंगाला अंग बराच वेळ लागावे लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये शेफिल्ड येथे केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांना खरजेच्या रुग्णांची पांघरुणे वापरायला देऊन पाहिले. फारच थोड्यांना लागण झाली. तेव्हा खरूज म्हणजे घाणेरडेपणा, ही समजूत खोटी आहे. ती दाटीवाटीचा आणि मायेचा आजार आहे. मूल कडेवर घेणाऱ्यालाच ती आधी होते.

आता यातली खरी मेख. खाज किड्याच्या चाव्याने सुटत नाही. किडा, त्याची अंडी आणि विष्ठा शरीराला सोसत नाहीत, म्हणून ती सुटते. पहिल्या वेळी याला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर माणूस धडधाकट दिसतो आणि खरूज वाटत असतो. खाजणाऱ्या मुलाला मलम लागते, न खाजणारी बहीण तशीच राहते. पंधरा दिवसांनी मुलाला तिच्याकडून परत लागण! मग औषधाला दोष दिला जातो. कुणी दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणतो. तिने खाज दबते, किडे मात्र वाढतात. खाजवून झालेल्या जखमा चिघळल्या तर मूत्रपिंडालाही सूज येऊ शकते.

उपाय सोपा आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने पाच टक्के परमेथ्रिनचे मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावावे. बेचक्या, नखे, काखा, बेंबी, जांघा सोडू नयेत. सकाळी अंघोळ. आठवड्याने पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांनी, एकाच रात्री. तान्ही मुले आणि गरोदर बायका यांच्यासाठी डॉक्टरांना आधी विचारावे. कपडे गरम पाण्यात धुवावेत. पावसात ऊन नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवावेत. त्यानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते, म्हणून घाबरू नये.

सगळ्यांनी मिळून औषध घेतल्याने काय होते, ते फिजी बेटांवर दिसले. तिथे एका गटातील सर्वांना, आजारी असोत वा नसोत, आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या. ज्यांना त्या चालत नव्हत्या त्यांना मलम. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खरजेचे प्रमाण वर्षभरात ३२.१ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आले. या औषधाचे मूळ जपानी मातीतल्या एका जिवाणूत आहे. त्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्याच वर्षी नोबेल मिळाले. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले.

आपल्याकडे अडते ते दोन ठिकाणी. रोजंदारीवरच्या माणसाला सहा जणांपुरते औषध एकदम घेणे जड जाते, आणि शेजारी सांगायला जीभ रेटत नाही. आश्रमशाळेत, वसतिगृहात, वाडीवर हे दोन्ही एकत्र येते. एकट्याच्या अंगावर खरजेचा पराभव होत नाही. म्हणून ट्यूब विकत घेण्याआधी घरातली माणसे मोजा.