लेझर करण्यापूर्वी एवढे विचारा

लग्नसराई जवळ आली की हनुवटीवरचे केस आणि ओठांवरची लव यांची चिंता घरोघरी सुरू होते. ‘कायमची सुटका’ अशी जाहिरात वाचून मुली लेझरकडे वळतात. उपचार वाईट नाही. पण समजून न घेता केला तर महागात पडतो.

लेझरचा प्रकाश केसातले मेलॅनिन हे रंगद्रव्य शोषून घेते, तापते आणि केसाचे मूळ जळते. हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडले. अडचण अशी की, आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेतही मेलॅनिन भरपूर असते. यंत्राची निवड चुकली किंवा जोर जास्त झाला तर कातडीच भाजते, फोड येतात, काळे-पांढरे डाग राहतात. काळे डाग बहुधा काही महिन्यांत फिके होतात. पांढरे कधी कधी जातच नाहीत. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात. आयपीएल म्हणजे लेझर नव्हे; सावळ्या त्वचेवर त्याने भाजण्याचा धोका अधिक असतो.

‘कायमची सुटका’ हेही पूर्ण खरे नाही. सहा-आठ बैठकांनंतर केस बरेच कमी होतात, पुढेही अधूनमधून बैठक लागते. पांढऱ्या केसांवर उपयोग होत नाही. काहींच्या चेहऱ्यावर उलट केस वाढतात. पाळी अनियमित असेल तर आधी पीसीओएसची तपासणी करावी.

बधिरतेचे मलमही जपून लावावे. पायांना लावून वर प्लॅस्टिक गुंडाळल्याने औषध रक्तात भिनून दोन तरुणींचा मृत्यू झाला, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये दिला होता.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारा: त्वचारोगतज्ज्ञ कोण? यंत्र कोणते? आधी छोट्या जागेवर चाचणी घेणार का? डोळ्यांना संरक्षक चष्मा देणार का? चालू असलेली औषधे डॉक्टरांना सांगा. आधी काही आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग टाळा. दाढीचे ब्लेड चालते. उन्हाने त्वचा रापलेली असेल तर थांबा.

संमतीपत्र इंग्रजीत असेल, तर मराठीत किंवा कन्नडमध्ये, ज्या भाषेत आपल्याला नीट कळते त्या भाषेत, समजावून घ्या. मगच सही करा. लग्नाची तारीख पक्की असेल, तर पहिली बैठक आठ-दहा महिने आधी घ्यावी. मांडव पडल्यावर घाई नको.